नांदेडला उभी असलेली गाडी

बरेच दिवस इथे काही लिहिणं झालं नाही. कारण सांगितलं तर हसाल. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, मी तीन महिने एका काळ्या डब्यासाठी भांडत होतो, आणि ते भांडण संपल्यावरही त्याबद्दल लिहायला हात उचलत नव्हता. आता म्हटलं, एकदा सगळं सलग लिहून काढावं. नातेवाइकांपैकी निम्म्यांना अर्धवट माहीत आहे आणि उरलेल्या निम्म्यांपर्यंत "याने शोरूमवाल्यावर केस केली" एवढंच पोचलंय. केस केलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तर डबा म्हणजे गाडीतल्या नेव्हिगेशनचा. तोच, डॅशबोर्डच्या मधोमध बसवलेला, स्क्रीनवाला.

गाडी २०१७ सालची. बाबांनी हौसेने घेतलेली. जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. वनोजा, तऱ्हाळा, लाठी या भागातले रस्तेच काय, कुणाच्या गोठ्यातली कोणती गाय लाथ मारते हेही त्यांना पाठ होतं. अशा माणसाला रस्ता दाखवणारं यंत्र कशाला हवं? पण शोरूममधला मुलगा म्हणाला, "काका, वरच्या मॉडेलमध्ये नेव्हिगेशन येतं", आणि बाबांनी वरचं मॉडेल घेतलं.

पहिल्याच संध्याकाळी ते अंगणात, उभ्या गाडीत दोन तास बसून होते. आई जेवायला हाका मारून थकली. आत काय चाललं होतं, तर त्यांनी 'शेलू' टाईप केलं होतं आणि यंत्र त्यांना जगभर फिरवत होतं. नेरळजवळचं शेलू दाखवलं, परभणी जिल्ह्यातलं सेलू दाखवलं, वर्ध्याजवळचं सेलू दाखवलं. आपलं शेलूबाजार काही सापडेना. शेवटी त्यांनी युक्ती शोधली. गाडी जिथे उभी आहे तीच जागा साठवून ठेवायचं एक बटण होतं. ते दाबलं आणि नाव दिलं, 'घर'.

त्या दिवसापासून त्यांना छंदच लागला. जाऊ तिथे पोचल्यावर बटण दाबायचं आणि नाव टाकायचं. त्या स्क्रीनवर मराठी लिहिता येत नव्हतं, म्हणून इंग्रजी अक्षरं आणि स्पेलिंग खास त्यांची. 'ताईचे घर', 'मामा दिग्रस', 'बिरबलनाथ', 'गुरुमंदिर कारंजा', 'चांगला चहा', 'चांगला चहा दोन'. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण त्या यादीत आहात. एका भाच्याच्या घराचं नाव 'कुत्रा आहे' असं होतं, तो भाचा कोण ते त्याचं त्याने ओळखावं.

२०२१ पासून नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. मी चालवायचो, बाबा शेजारी. यादीत 'धंतोली डॉक्टर' आलं. परतताना त्यांना फार मळमळायचं. तेव्हा आम्ही जुन्या रस्त्याने, कारंज्यावरून यायचो. कारंजा मागे टाकल्यावर एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला मोठं झाड होतं. तिथे गाडी लावायची, सीट मागे करायची, अर्धा तास गप्प पडून राहायचं. पाणी प्यायचं आणि निघायचं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांनी ती जागाही साठवली. नाव दिलं 'सावली'.

मग ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. शेलूबाजारजवळच चढाय-उतरायची सोय. पुढच्या खेपेपासून आम्ही तिकडून जाऊ लागलो. आता गंमत अशी की गाडीतला नकाशा २०१७ चा, त्याला हा रस्ता माहीतच नव्हता. त्यामुळे स्क्रीनवर आमचा बाण रस्ता सोडून सरळ कोऱ्या रानातून पळत होता. यंत्र बिचारं सारखं "शक्य असेल तेव्हा वळा" म्हणून विनवत होतं. बाबा त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. म्हणाले, "पाह्य, आपून कोनाच्या तरी तुरीतून चाल्लो!"

समृद्धीवर मध्येच थांबता येत नाही. 'सावली' तिकडे जुन्या रस्त्यावर राहिली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बाबा गेले.

एवढं सगळं सांगितलं, कारण पुढचं भांडण त्याशिवाय वेडेपणाचं वाटेल.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये ती स्क्रीन अधूनमधून बंद पडायला लागली. गतिरोधकावर गाडी आपटली की अंधार, पुढच्या खड्ड्यात पुन्हा उजेड. आमच्या चौकातल्या इलेक्ट्रिशियनला नुसतं सांगितलं, तर तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "अर्थिंग ढिलं असंल सर, आना कधी बी." पण मला वाटलं, डॅशबोर्ड उघडायचा म्हणजे नाजूक काम, कंपनीच्याच माणसाकडून झालेलं बरं. इथे चूक माझी. पन्नासेक किलोमीटर गाडी हाकत महान, बार्शीटाकळी करत अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरला नेली. नाव लिहीत नाही. उगाच त्यांची जाहिरात कशाला?

तिथल्या सर्व्हिस ॲडव्हायझरने जॉब कार्ड भरलं, "स्क्रीन मधूनमधून बंद पडते" असं लिहिलं आणि दुपारी फोन करून सांगितलं की युनिट गेलंय, बदलावं लागेल. २३,८०० रुपये अधिक मजुरी. मी शाळेत होतो, वर्गात जायची घाई. "दुरुस्त नाही का होणार?" विचारलं. "नाही सर, हे रिपेअर होत नाही, बदलतातच." मी म्हटलं, बरं. त्या एका "बरं"वर पुढचं सगळं उभं राहिलं. बदलणे म्हणजे जुनं जाणार, आणि जुन्याबरोबर त्याच्या पोटातलंही जाणार, हे त्या क्षणी डोक्यात आलंच नाही. नकाशा कार्डात असतो, पण साठवलेली ठिकाणं यंत्राच्या स्वतःच्या मेमरीत असतात, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी गाडी घेतली. स्क्रीन झकास उजळली होती. सही केली, पैसे भरले, गेट पास घेतला. "उद्या फीडबॅकचा फोन येईल सर, दहापैकी दहा द्या", तेही ऐकून घेतलं. बार्शीटाकळीच्या पुढे आल्यावर सहज नकाशाकडे बघितलं तर गाडी नांदेडला उभी होती.

खरंच. बाण नांदेडच्या वजिराबाद भागातल्या एका गल्लीत निवांत उभा. मी महानला पोचलो तरी तो नांदेडला. शेलूबाजारला अंगणात गाडी लावली तरी नांदेडला. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "मंग आपून कुठी हावो?"

रात्री बसून जरा वाचलं. या यंत्राला आपण कुठे आहोत हे कळायला वरच्या उपग्रहांपैकी निदान चारांचे संदेश एका वेळी मिळावे लागतात. हे उपग्रह वीस हजार किलोमीटरहून जास्त उंचीवर, तिथून येणारा संदेश अगदी क्षीण. त्यासाठी गाडीत वेगळा अँटेना असतो आणि त्याची वायर यंत्राच्या मागे खोचलेली असते. ती वायर खोचलेली नसेल तर यंत्राला बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. मग ते शेवटचं जे ऐकलं होतं तेच धरून बसतं. म्हणजे आमच्या यंत्राने शेवटचं आकाश नांदेडला पाहिलं होतं.

आता विचार करा. नवीन म्हणून बिल लावलेलं यंत्र नांदेडला कधी जाऊन आलं?

साठवलेल्या ठिकाणांची यादी उघडली. बाबांची एकही जागा नव्हती. त्याऐवजी कुण्या अनोळखी माणसाची अकरा ठिकाणं होती. त्यातल्या एकाचं नाव 'पप्पा'. मी पटकन स्क्रीन बंद केली. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी फीडबॅकचा फोन आला. मी दहापैकी शून्य दिले, आणि तेव्हापासून माझे फोन उचलणं बंद झालं.

तिसऱ्या दिवशी स्वतः गेलो. आधी म्हणाले, सिग्नल यायला वेळ लागतो. मग म्हणाले, सॉफ्टवेअर अपडेट होईल. मग वर्कशॉप मॅनेजर आले आणि हसत म्हणाले, "सर, शेलूबाजारला नेव्हिगेशन लागतं कशाला? आणि नकाशा तर तुमचा जुनाच, त्यात समृद्धीसुद्धा नाही. आजकाल सगळे फोनवरच बघतात." गंमत म्हणजे यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. मी म्हटलं, ते जाऊ द्या, माझं जुनं युनिट द्या. ते म्हणाले, स्क्रॅपला गेलं. मी म्हटलं, पैसे देऊन पार्ट बदलला की जुना पार्ट गिऱ्हाइकाचा असतो, मला विचारायला हवं होतं. तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढं काय होतं त्यात?"

मला उत्तर देता आलं नाही. "पत्ते होते," म्हणालो.

"मग द्या ना सर लिहून, आमचा मुलगा पुन्हा फीड करून देईल."

त्यांना माझी चेष्टा करायची नव्हती, हे मला आजही वाटतं. त्यांच्या लेखी ती खरोखरच मदत होती. पण परत येताना महानजवळ गाडी बाजूला घेऊन मी बराच वेळ बसलो. पत्ते मी लिहून देऊ शकत होतो. ताई, मामा, धंतोली, सगळे. 'सावली' कुठून लिहून देणार? मधल्या काळात मी दोनदा जुन्या रस्त्याने गेलो होतो, आणि झाडं सगळी सारखीच दिसली होती.

तेव्हा ठरवलं की आरडाओरडा करायचा नाही, लिहायचं. ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांच्यासाठी, मला समजलं ते थोडक्यात सांगतो.

आपल्याकडे ग्राहकांची चळवळ जुनी आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहकांसाठी वेगळा कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. सध्या आहे तो २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून लागू. त्यात आमच्यासारख्या आडगावच्या माणसाच्या फार कामाची एक गोष्ट आहे. पूर्वी दुकानदार जिथला, किंवा जिथे व्यवहार घडला, तिथल्या मंचाकडे जावं लागायचं. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार देता येते. म्हणजे मला अकोल्याला खेटे घालायची गरज नव्हती, वाशीमला देता आली असती. घेतलेल्या वस्तूची किंवा सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर ती कंपनीपर्यंत पोचवली जाते.

आणखी एक गोष्ट वाचनात आली. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की वॉरंटीत सदोष भाग बदलून द्यायचं म्हटलं असेल, तर थेट नवी गाडी द्या असं सांगता येणार नाही. मला त्यातून एवढंच शिकायला मिळालं की मागायचं ते नेमकं मागावं. रागाच्या भरात मी पहिल्या मसुद्यात दोन लाखांची भरपाई लिहिली होती. ती खोडली.

पत्र एका पानाचं झालं. जॉब कार्डावर तक्रार काय लिहिली होती आणि बिलात काय लावलं, ते समोरासमोर मांडलं. नवीन म्हणून लावलेल्या यंत्रात दुसऱ्या गाडीची ठिकाणं असल्याचे फोटो जोडले, त्यातली नावं झाकून. उपग्रहाचा अँटेना जोडलेला नाही, हे लिहिलं. आणि मागण्या दोनच. माझं जुनं युनिट आहे त्या स्थितीत परत द्या, आणि न दिलेल्या नव्या युनिटचे पैसे परत करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर वाशीमच्या आयोगाकडे जाईन. एक प्रत त्यांना स्पीड पोस्टाने, एक कंपनीच्या मुख्य कार्यालयाला. १९१५ ला फोन करून तक्रार क्रमांक घेतला आणि तोही पत्रात टाकला.

हे पत्र पहिलं नव्हतं, तिसरं होतं. आधीच्या दोन पत्रांत मी फक्त किती मनस्ताप झाला ते लिहिलं होतं. त्यांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला नवव्या दिवशी आलं. फोनवर मॅनेजर स्वतः. "सर, तुमचं युनिट स्टोअरमध्येच सापडलं." स्क्रॅपमधून स्टोअरमध्ये ते कसं आलं हे मी विचारलं नाही. पण मला अंदाज आहे. गतिरोधकावर बंद पडणारं ते यंत्र पुसूनपासून, नवीन म्हणून, आणखी कुणाच्या तरी गाडीत जायच्या रांगेत असणार. एखाद्याला परभणीत किंवा खामगावात आपली गाडी शेलूबाजारला उभी दिसली असती, आणि यादीत 'चांगला चहा दोन'.

सप्टेंबरमध्ये जाऊन आणलं. त्यांनी नांदेडवालं यंत्र काढून घेतलं, युनिटचे पैसे परत दिले, मजुरी दिली नाही. "चूक झाली" हे लिहून द्यायला ते शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. पावतीवर "ग्राहकाच्या समाधानासाठी" असं लिहिलं. जुनं युनिट बसवून देणार नाही, त्याची जबाबदारी आमची नाही, असंही म्हणाले. पुठ्ठ्याच्या खोक्यात ते शेजारच्या सीटवर ठेवलं, आणि डॅशबोर्डला मधोमध भोक असलेली गाडी घेऊन मी घरी आलो. खरं सांगतो, सीटला बेल्ट लावला होता.

चौकातल्या इलेक्ट्रिशियनने दुसऱ्या दिवशी अर्ध्या तासात काम केलं. आत हात घालून एक वायर ओढून दाखवली, टोकाला निळं प्लॅस्टिक. "हे पाहा सर, अँटेनाची. तशीच लोंबत होती." मग अर्थिंगचा नट आवळला. "यात काईच बिघडलं नोतं. कायले गेले अकोल्याले?" तीनशे रुपये घेतले. आई म्हणाली, "तुह्ये बाबा असते तं पयल्याच दिवशी याच्याकडं आले असते." यावर काय बोलणार?

चावी फिरवली. स्क्रीन काळीच राहिली, मग कंपनीचं चिन्ह आलं, मग नकाशा. बाण आधी अकोल्याला होता. मिनिटभर तिथेच थांबला आणि मग एकदम उडी मारून शेलूबाजारच्या चौकात आला. यादी उघडली. त्रेचाळीस. सगळी जागच्या जागी, त्याच वाकड्यातिकड्या स्पेलिंगमध्ये.

मी त्याच रात्री वही घेऊन गाडीत बसलो आणि एकेक ठिकाण अक्षांश-रेखांशासकट उतरवून काढलं. फोटोही काढले. हे दोन वर्षं आधी करायला हवं होतं. तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. जुना फोन, एखादं कॅल्क्युलेटर, काहीही. दुरुस्तीला देण्याआधी त्यात कुणाचं काय आहे ते एकदा बघून घ्या. आणि जॉब कार्डावर "जुना पार्ट परत हवा" हे आपल्या हाताने लिहा.

'सावली'ला आई आणि मी दिवाळीनंतर जाऊन आलो. यंत्राने बरोबर नेलं. मी जे झाड समजत होतो ते नव्हतंच, त्याच्या अलीकडचं निघालं. कडुनिंबाचं. पाणी प्यायलो आणि निघालो.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. नांदेडच्या त्या माणसालाही कुणीतरी सांगितलं असेल की युनिट गेलंय, बदलावं लागेल. त्यानेही घाईत "बरं" म्हटलं असेल. काढून घेतलेलं यंत्र मूळ मालकाला द्या, असं मी मॅनेजरना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली, पण ती कोणत्या बाजूला हलवली ते मला नीट कळलं नाही. मी त्यातली नावं लिहून घेतली नाहीत, ते योग्यच केलं असं वाटतं. तरीही कधी कधी वाटतं, निदान 'पप्पा' कुठे होतं एवढं तरी बघायला हवं होतं.